मुलांच्या झोपेसाठी आधी घराची संध्याकाळ बदलू

आम्ही बचत गटातल्या बाया आज तुमच्याशी मुलांच्या झोपेबद्दल बोलणार आहोत.

हा विषय बैठकीत निघाला तेव्हा आमच्यातल्याच एक मावशी म्हणाल्या, "झोपेवर काय बोलायचं गं? पोरं दमली की झोपत्यात." त्यांच्या लहानपणी ते खरंच होतं. दिवेलागण झाली, भाकरी खाल्ली, की चिमणी विझवायची आणि गोधडीत शिरायचं. आता घरात रात्री अकरालाही लख्ख उजेड असतो, टीव्ही चालू असतो, कुणाच्या तरी हातात मोबाईल असतो. पोर दमतं, पण झोपत नाही. डोळे चोळत चोळत बघत राहतं.

त्यात हे सुट्टीचे दिवस. मामाचा गाव, लग्नं, हळदी, जागरण-गोंधळ. उकाड्यानं अंगणात बाजा टाकायच्या आणि बाराबारापर्यंत गप्पा मारायच्या. सुट्टीत हे चालायचंच, त्यात वाईट काही नाही. पण जूनच्या मध्याला शाळा उघडतात, विदर्भात त्यानंतर थोड्या दिवसांनी. आणि मग पहिल्याच दिवशी सकाळी आपण पोराला गदागदा हलवतो, "ऊठ, ऊठ, घंटा झाली." पोर रडतं, उपाशी जातं, वर्गात पेंगतं. संध्याकाळी आपणच म्हणतो, "ह्याचं अभ्यासात लक्षच नाही."

म्हणून शाळा उघडायच्या आधी हे बोलून घेऊ.

पहिली गोष्ट, मुलाला झोप लागते किती? डॉक्टर मंडळींनी याचं माप दिलेलं आहे. तीन ते पाच वर्षांच्या, म्हणजे आपल्या अंगणवाडीतल्या मुलाला चोवीस तासांत १० ते १३ तास झोप हवी, त्यात दुपारची झोपही धरायची. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना ८ ते १० तास. हे ऐकून आमच्या बैठकीत हशा पिकला होता. "बारा तास? मग काम कवा करायचं?" पण हसून झाल्यावर आम्ही वही काढली आणि हिशेब मांडला.

तुम्हीही मांडा. शाळा दहाला भरते. परसाकडं, आंघोळ, न्याहारी, दप्तर, चालत जाणं, हे सगळं धरून पोर साडेसहाला उठायला हवं. तिथून मागं नऊ तास मोजा. रात्रीचे साडेनऊ आले. पण साडेनऊला झोप लागायची तर अर्धा तास आधी, नऊलाच अंथरुणात पडायला हवं. आणि हे झालं कमीत कमीचं माप. पहिली-दुसरीतल्या लेकराला दहा तास तरी द्यायला हवेत, म्हणजे त्याला आठ-साडेआठला आडवं करायला लागेल. नववी-दहावीतली मुलगी पहिल्या एसटीसाठी साडेपाचला उठत असेल तर तिचा डोळा साडेनऊला लागलेला असायला हवा.

आता आपल्या घरात प्रत्यक्षात काय होतं ते बघा. साडेअकराला झोप, साडेसहाला उठवणं. म्हणजे सातच तास. रोजचे दोन तास कमी पडले. सहा दिवसांत बारा तास थकले. रविवारी पोर दहापर्यंत लोळलं तरी ती थकबाकी फिटत नाही. उलट रविवारी उशिरा उठलेलं पोर रविवारी रात्री आणखी उशिरा झोपतं आणि सोमवारी सकाळी पुन्हा तोच तमाशा. गटाचा हप्ता थकला की पुढच्या महिन्याला किती जड जातो ते आपल्याला माहीत आहेच.

झोपेत मूल नुसतं पडून नसतं. रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत शरीरात वाढीचं द्रव्य जास्त सुटतं. दिवसभर जे शिकलं, पाढे असोत की कविता, ते मेंदू झोपेत नीट लावून ठेवतो. आणखी एक गोष्ट आईनं ओळखायला हवी. मोठं माणूस झोप कमी झाली की मलूल होतं. लहान मूल पुष्कळदा उलट वागतं. हट्ट करतं, चिडतं, एका जागी बसत नाही. "भारी वाह्यात झालंय" असं आपण म्हणतो, धपाटाही घालतो. त्या पोराला मार नको असतो, झोप हवी असते.

झोपेची वेळ ठरवतं कोण? आपल्या शरीराच्या पेशींमध्येच एक घड्याळ असतं. ते कसं चालतं हे फळमाशीवर अभ्यास करून शोधलं म्हणून जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळालं. हे घड्याळ मुख्यतः उजेडावर लागतं. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचं द्रव्य सुटायला लागतं आणि शरीराला कळतं की रात्र झाली. डोळ्यांसमोर मोबाईलचा उजेड असला तर ते सुटायला उशीर होतो. सकाळी कोवळं ऊन डोळ्यांवर आलं की घड्याळ पुन्हा जागेवर येतं.

यातून करायचं काय ते सोपं आहे. सकाळ उजेडाची आणि रात्र अंधाराची करायची. सुरुवात सकाळपासून करा. "नऊ वाजले, झोप" म्हणून ओरडल्यानं मूल झोपत नाही. पण सकाळी ठरल्या वेळी उठवलं, अंगणात नेलं, कोंबड्यांना दाणे टाकायला लावले, झाडांना पाणी घालायला लावलं, की चार-सहा दिवसांत रात्री त्याचे डोळे आपोआप जड व्हायला लागतात.

आणि एकदम ओढाताण करू नका. समजा आज मूल अकराला झोपतं आणि आपल्याला नऊवर यायचं आहे. दोन तास म्हणजे आठ पाव-तास. दर दोन दिवसांनी झोपायची आणि उठायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे घ्या. सोळा दिवसांत नऊवर येता. आज-उद्यात सुरुवात केली तर शाळेच्या घंटेपर्यंत जमतं. पुढं रविवारी किंवा सणाला सूट द्या, पण उठायची वेळ तासाभरापेक्षा जास्त पुढं जाऊ देऊ नका.

आता अवघड भाग. मूल नऊला झोपायचं तर घराची संध्याकाळ बदलायला हवी. आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त भांडण यावरच झालं. एक ताई म्हणाल्या, "मी सहाला मजुरीवरून येते. धारा काढायच्या, दूध घालायचं, मग चूल. जेवायलाच नऊ होतात. पोराला नऊला झोपवू कशी?" त्यांचं बरोबर होतं. "जेवण लवकर करा" म्हणणं सोपं असतं, करणारी एकटी असते. म्हणून आम्ही त्या ताईंच्या घरातली कामं वहीत एकाखाली एक लिहिली आणि प्रत्येक कामापुढं विचारलं, हे दुसरं कोण करू शकेल? दूध डेअरीला घालायला त्यांचे मालक जाऊ लागले. भाजी निवडून ठेवणं सासूबाईंनी अंगावर घेतलं. डाळ सकाळीच शिजवून ठेवायची, संध्याकाळी नुसती फोडणी. जेवण नऊवरून पावणेआठवर आलं. तरीही एखाद्या घरी उशीर होणारच असेल तर निदान मुलांना आधी वाढा. मोठ्यांची पंगत मागून होऊ द्या.

टीव्हीचं काय? आपली बहुतेकांची घरं एका-दोन खोल्यांची. टीव्ही तिथंच, अंथरूण तिथंच. मामंजी बातम्या बघत बसलेले असले तर सून त्यांना "बंद करा" म्हणू शकत नाही, हे आम्हालाही कळतं. एका घरात यावर छान तोड निघाली. नातवानंच आजोबांना सांगितलं, "आबा, साडेआठला मला गोष्ट पाहिजे." आजोबांनी बातम्या सातला बघायला सुरुवात केली. रोज साडेआठला टीव्ही बंद आणि विहिरीतल्या भुताची नाहीतर शर्यतीच्या बैलाची गोष्ट सुरू. आम्ही बायांनीही आपल्या मालिकेचा विचार करायला हवा. मालिका पुन्हा लागते, दुपारी बघता येते.

मोबाईलसाठी एक जागा ठरवा. देवळीत, फळीवर, कुठंही. साडेआठ वाजले की घरातले सगळे मोबाईल तिथं चार्जिंगला. सगळे म्हणजे बापाचाही. बाप रील बघत बसला आणि पोराला झोप म्हणाला तर पोर ऐकणार नाही. लहानग्याला भरवताना मोबाईल हातात द्यायची सवयही सोडा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं आहे की दोन ते चार वर्षांच्या मुलानं दिवसभरात एक तासाहून जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये, त्याहून कमी झालं तर चांगलंच, आणि दोन वर्षांखालच्या बाळानं बसूच नये.

काही बारीकसारीक गोष्टी. संध्याकाळचा चहा मुलांना देऊ नका. चहात झोप उडवणारं द्रव्य असतं आणि ते काही तास अंगात राहतं. शाळेतून आल्यावर मूल पेंगत असेल तर अर्धा तास पडू द्या, पण पाच-सहा वाजता दोन तास झोपू देऊ नका, मग रात्री ते टक्क जागं राहतं. गृहपाठ दिवेलागणीला उरकून घ्या. पावसाळ्यात डास वाढतात, मच्छरदाणी आत्ताच धुऊन, शिवून ठेवा. डास चावत राहिले तर नऊ तास अंथरुणात पडूनही झोप तुटत जाते, शिवाय डेंग्यू-मलेरियाची भीती वेगळीच. आणि झोपायच्या आधी रोज तीच कामं त्याच क्रमानं करा. हातपाय धुणं, दात घासणं, लघवीला जाणं, दप्तर भरून ठेवणं, अंथरूण टाकणं, गोष्ट किंवा अंगाई, दिवा बंद. रोज तोच क्रम असला की अंथरूण टाकतानाच मुलाला झोप यायला लागते.

शेतीपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री पाळीनं येते. रात्रपाळीच्या आठवड्यात घरातला पुरुष पाणी धरायला जातो, दारं वाजतात, चहा होतो. तेवढे दिवस मुलांचं अंथरूण आतल्या बाजूला घाला आणि पाण्यावर जाणाऱ्याची बॅटरी, चप्पल, काठी बाहेर ओट्यावर ठेवा. शाळेतल्या मोठ्या मुलाला रात्री मोटार चालू करायला पाठवू नका. झोप जाते ते आहेच, पण रात्रीच्या अंधारात विंचू-काटा आहे, विजेचा धोका आहे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुद्दाम हा विषय घेतला, ती बोलतो. घरातल्या मुलीची झोप.

आमच्या गटातल्या एका घरातली मुलगी नववीत आहे. ती वर्गात डोकं टेकून झोपते, अशी शाळेतून तक्रार आली. घरात बोलणं सुरू झालं, "हिचं शिक्षणात मन नाही, कशाला पाठवायचं? दहावी झाली की बघू एखादं स्थळ." आम्ही चौघी-पाचजणी तिच्याशी बोलायला बसलो. तिचा दिवस विचारला. नळाला पाणी पहाटे साडेचारला येतं, हांडे तीच भरते. मग केर, भाकऱ्या, सहा वाजता आंघोळ, साडेसहाची बस. संध्याकाळी भांडी तीच घासते, साडेनऊला मोकळी होते. मग अभ्यास, तोही मोबाईलवर आलेला, अकरापर्यंत. म्हणजे झोप साडेपाच तास. तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा भाऊ त्याच घरात साडेदहा ते साडेसहा झोपतो. आठ तास.

बायांनो, तेरा ते अठराच्या मापात मुलगा आणि मुलगी असा फरक नाही. उलट या वयात मुलगी वाढत असते, पाळी सुरू झालेली असते, अंगात रक्त कमी असण्याची भीती असते. शिवाय या वयात शरीराचं घड्याळच थोडं पुढं सरकतं. पोरींना आणि पोरांना रात्री झोप उशिरा यायला लागते, तो त्यांचा आळस नसतो. अशा मुलीला पहाटे साडेचारला उठवायचं आणि मग वर्गात पेंगली म्हणून तिचं डोकं चालत नाही असं ठरवायचं, हा तिच्यावर अन्याय आहे. कायद्यानं मुलीचं लग्न अठराच्या आधी करता येत नाही. पण शाळेतून तिचं नाव निघायची सुरुवात अशा लहानसहान गोष्टींतूनच होते.

त्या घरी आम्ही भांडायला गेलो नाही. तिच्या आईबरोबर बसून कागदावर भावाचे आणि बहिणीचे तास शेजारी शेजारी लिहिले. तिच्या वडिलांनी कागद बघितला. बराच वेळ बोलले नाहीत. मग मुलाला म्हणाले, "उद्यापासून पाणी तू भरायचं, एक दिवस तू, एक दिवस मी." रात्रीची भांडी आता आई आणि भाऊ मिळून आठच्या आत उरकतात. अभ्यास संध्याकाळी सात ते साडेआठ. मुलगी आता साडेनऊला झोपते, साडेपाचला उठते. आठ तास झाले. ती काही पहिली आली नाही, पण वर्गात पेंगायची थांबली. स्थळाचं बोलणंही सध्या थांबलं आहे.

तुमच्या घरातही असा कागद करून बघा.

काही वेळा वेळ पाळूनही झोप नीट होत नाही. तेव्हा दवाखान्यात दाखवायला हवं. मूल रोज रात्री मोठ्यानं घोरतं, तोंडानं श्वास घेतं, मधेच श्वास अडकल्यासारखं होतं, तर नाकाच्या मागची गाठ किंवा टॉन्सिल वाढलेले असू शकतात. रात्री शौचाची जागा खाजवत असेल तर जंत असू शकतात, शाळेत आणि अंगणवाडीत मिळणारी जंताची गोळी चुकवू नका. रात्री पाय सारखे हलवत असेल, फिक्कट दिसत असेल तर रक्त तपासून घ्या. पाच-सहा वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं नेहमीचं आहे, त्यावरून चारचौघांत लाज काढू नका. पण बरेच दिवस कोरडं राहून पुन्हा सुरू झालं तर मात्र दाखवा. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक तपासणीला येतं, त्यांना हे सांगा. आशाताईंनाही विचारा.

काही मुलं रात्री झोपेतच दचकून किंचाळतात. डोळे उघडे असतात, पण आईला ओळखत नाहीत, सकाळी काही आठवत नाही. लगेच कुणीतरी म्हणतं, बाहेरचं झालं, उतारा टाका. लहान मुलांत असं होऊ शकतं आणि झोप अपुरी असली की जास्त होतं. त्याला हलवून जागं करू नका, पडणार नाही एवढं बघा आणि शांत बसा, थोड्या वेळात ते पुन्हा झोपतं. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि झोप यावी म्हणून खोकल्याचं औषध किंवा आणखी कसलं गुंगीचं काही मुलाला देऊ नका, ते जिवावर बेतू शकतं.

शेवटी, गट म्हणून आपण काय करू शकतो? काही गटांच्या बैठका रात्री नऊनंतर होतात. मुलं आईच्या पदराला धरून तिथंच पेंगत असतात. बैठकीची वेळ दुपारी किंवा रविवारी घेता येते का ते ठरवा. गावातला भोंगा, वरातीतला डीजे रात्री दहाला बंद व्हायला हवा, तसा नियमच आहे. ग्रामसभेत आपण बायांनी मिळून बोललो तर ऐकलं जातं. आणि शाळेच्या वेळेबद्दलही बोलता येतं. राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश काढला की पूर्व-प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत. मुलांची झोप पुरी होत नाही, हेच त्यामागचं कारण होतं. तुमचं लहान मूल सकाळी सातच्या शाळेत जात असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय काढा. शिक्षण हक्क कायद्यानं त्या समितीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. त्या जागांवर आपणच बसतो, मग तिथं बोललं पाहिजे.

या आठवड्यात एवढंच करा. गटाच्या वहीसारखी एक वही घ्या. घरातल्या प्रत्येक मुलाचं, आणि मुलीचं, नाव लिहा. पुढं रात्री झोपायची वेळ आणि सकाळी उठायची वेळ लिहा. सात दिवस लिहा. मग तास मोजा आणि ती वही पुढच्या बैठकीला घेऊन या. कुणाच्या घरात कुठं अडतं ते तिथं बघू आणि मिळून मार्ग काढू. त्या वहीच्या खालच्या ओळीत स्वतःचंही नाव लिहा, ताई. आपण किती झोपतो हेही एकदा मोजायला हवं.